सातव्या स्लाइडच्या पोटात

यंत्राला मध्य कळतो, हा शोध काटकोनरावांना एका रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लागला. मेव्हण्याकडून उसना आणलेला लॅपटॉप समोर होता. स्लाइडवर त्यांनी पाण्याच्या टाकीचा एक चौकोन काढला होता आणि माउसनं ढकलत ढकलत ते तो मधोमध आणू बघत होते. चौकोन नेमका मध्यावर आला आणि पानावर वरपासून खालपर्यंत एक तुटक लाल रेघ आपोआप उमटली. चौकोन जरा हलला, रेघ गेली. पुन्हा मध्यावर आला, रेघ हजर. काटकोनरावांनी हे अकरा वेळा करून पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि खुर्ची वीतभर मागे घेतली, मोठ्या माणसासमोर घ्यावी तशी.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली. "याला मध्य कळतो."

"मला पाण्याची वेळ कळते," बायको आतून म्हणाली. "चार वाजून दहा मिनिटं झालीत. लॅपटॉप उचला, बादल्या तिथून न्यायच्यात."

काटकोनराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीखात्यात ड्राफ्ट्समन म्हणून एकतीस वर्षं नकाशे काढता काढता हे नाव त्यांना चिकटलं होतं. दुसऱ्याच्या घरी गेले तर आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे आणि मग 'कसं काय' विचारायचे. असा माणूस पाणीखात्यात असूनही त्याच्या स्वतःच्या घरी पाणी नव्हतं, यासारखी चेष्टा नाही. ते राहायचे टेकडीवरच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे पाणी दुपारी चाळीस मिनिटं यायचं आणि तेही खाली अंगणातल्या नळाला, करंगळीएवढं. तिथून आठ बादल्या दोन जिने चढून वर न्यायच्या. काटकोनराव त्या वेळी ऑफिसात असायचे, म्हणजे न्यायच्या बायकोनं. एकोणीस वर्षं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, आणि जगातली प्रत्येक तिरकी गोष्ट सरळ करणाऱ्या या माणसाला ती एक गोष्ट सरळ करता आली नव्हती. बायको फार बोलायची नाही. एवढंच म्हणाली होती, "रिटायर व्हायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात पाणी आणा. मग तुम्ही घरी बसून माझं डोकं खाल्लंत तरी चालेल."

रिटायर व्हायला चार महिने उरले होते. टेकडीच्या पायथ्याला नवा पंप बसवावा, असा प्रस्ताव काटकोनरावांनी स्वतः तयार केला होता. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, तो कमिटीपुढे जायचा होता. मंजूर झाला तर झाला. नाहीतर फाइल पाच वर्षं उघडायची नाही असा नियम होता, आणि पाच वर्षांनी फाइल उघडली तरी उघडायला काटकोनराव नसणार होते.

"नकाशे-बिकाशे आणू नका," साहेबांनी बजावलं होतं. साहेब म्हणजे खात्याचे मुख्य इंजिनिअर. "कमिटी कागद बघत नाही. दहा मिनिटं आहेत. स्लाइडी करा."

एवढ्या एका वाक्यावर काटकोनरावांचं अख्खं आयुष्य उसन्या लॅपटॉपवर येऊन पडलं. पण तक्रार करतील तर शपथ. रोज एक नवा चमत्कार दिसायचा आणि ते गप्प होऊन बघत बसायचे. वसाहतीतल्या नऊ इमारतींचे नऊ चौकोन त्यांनी अंदाजानं टाकले होते. ते सगळे निवडून एका ठिकाणी बोट दाबलं, तर नऊच्या नऊ चौकोन सरळ रांगेत, सारख्या अंतरावर जाऊन उभे राहिले. एकतीस वर्षं शाळेत घालवलेल्या मास्तरालाही पोरं इतकी ऐकत नाहीत. हेच काम त्यांनी जन्मभर पट्टी, कंपास आणि श्वास रोखून केलं होतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ऊर भरून आला.

आणि मग सापडलं ते सगळ्यांवर कडी करणारं. एक वस्तू दुसरीच्या 'मागे पाठवता' येते. चित्रावर चित्र ठेवलं तर खालचं मरत नाही, तिथंच राहतं, फक्त दिसत नाही.

इथे ड्राफ्ट्समन लोकांचा धर्म थोडा समजून घेतला पाहिजे. त्या धर्मात खोडणं हे पाप आहे. नकाशा बदलायचा तर जुन्यावर नवा पारदर्शक कागद ठेवायचा, हवं तेवढं उतरवून घ्यायचं, आणि नव्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहायचं: फेर क्रमांक अमुक, बदल काय, कोणाच्या सांगण्यावरून, कारण काय. चौकटीत खोटं लिहायचं नाही. उद्या कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. तर काटकोनरावांनी ठरवलं की स्लाइडही अशीच करायची. काहीही पुसायचं नाही. बदल आला की पानभर एक पांढरा चौकोन टाकायचा, त्यावर नव्यानं सगळं मांडायचं, कोपऱ्यात चौकट लिहायची, आणि सगळं एकत्र बांधून 'फेर' असं नाव द्यायचं. बाजूला एक यादी उघडत असे, त्यात पानावरच्या सगळ्या वस्तू, झाकलेल्यासुद्धा, नावानिशी दिसत. ती यादी बघून त्यांच्या अंगावर काटा आला. ऑफिसात एवढी नीट यादी कपाटातल्या चाव्यांचीही नव्हती.

एकूण अकरा स्लाइडी होत्या. दहांना कोणी हात लावला नाही. सातवी मात्र वसाहतीच्या नकाशाची होती, आणि नकाशा म्हटलं की ज्याला त्याला अक्कल सुचते.

तळाला त्यांनी कपाटातल्या जुन्या नकाशाचा फोनवर काढलेला फोटो घातला होता, रस्ते जुळवून घ्यायला. साहेबांनी तो बघितला आणि नाक मुरडलं. "हा डाग कसला? झाका." झाकला. फेर एक.

मग बायको डोकावली. "यात मी कुठंय?"

"तू कशी असशील? हा पाण्याचा नकाशा आहे."

"मग बादली तरी काढा. पाणी इथं नळानं येत नाही, बादलीनं येतं. हे त्या कमिटीला कळू दे."

नकाशात बादलीला चिन्ह नसतं, हे त्यांनी पुष्कळ समजावलं. ती नुसती उभी राहिली. बादली काढली. फेर दोन.

मग मेव्हणे आले. हे बायकोचे धाकटे भाऊ, मिक्सरच्या कंपनीत विक्रीचं काम करायचे आणि बोलताना माणसाला भांड्यात घालून फिरवायचे. "भाऊजी, बादली काय काढताय? गरिबी विकली जात नाही. आनंद विकला जातो. इथे एक हसरा थेंब टाका." लॅपटॉप त्यांचा होता. बादली झाकली, थेंब टाकला. "आणि हालचाल पाहिजे भाऊजी. स्थिर चित्र बघून लोक झोपतात. इकडे तारे आहेत बघा, त्यातला एक लावला की वस्तू ऐटीत येते." एवढं सांगून मेव्हणे चहा पिऊन गेले. कोणता तारा, ते काही सांगितलं नाही.

शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर तर चप्पल बाहेर काढायच्या आधीच बोलू लागले. "उद्देश कुठाय? उपसंहार कुठाय? उपसंहाराशिवाय मी चौथीचाही निबंध घेत नसे." नकाशाला उपसंहार नसतो, हे हेडमास्तरांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि पाण्याची तर आधीच टंचाई. उद्देश घातला, उपसंहार घातला. पुढचे तीन फेर साहेबांचे झाले. त्यांचे बदल साहेब खोलीचं दार लावून, हळू आवाजात सांगायचे. काटकोनराव मुकाट्यानं करायचे आणि चौकटीत नियमाप्रमाणे खरं ते लिहायचे. चौकटीतली अक्षरं मुंगीएवढी होती. साहेबांनी ती कधी वाचली नाहीत.

राहता राहिले तारे. यादी उघडली तर ताऱ्यांच्या रांगा दोन: एक हिरवी, एक लाल. दुसरा कोणी असता तर थांबून विचार करता. काटकोनरावांना विचार करायची गरजच पडली नाही. नकाशात जे नवीन करायचं ते लाल शाईनं दाखवायचं, हे पाणीखात्यातला शिपाईसुद्धा झोपेत सांगेल. लाल म्हणजे नवीन, लाल म्हणजे येणार. त्यांनी लाल तारा निवडला. आणि फक्त वरच्या फेराला लावावा, तर खालच्यांवर अन्याय. त्यांनीही काही कमी कष्ट घेतले नव्हते. म्हणून यादीत वरून खाली जात सातही फेरांना त्यांनी एकेक लाल तारा लावला. हिरवा तारा वस्तू आणतो आणि लाल तारा वस्तू घालवतो, हे ज्याला माहीत असतं त्याला ते इतकं साधं वाटतं की तो कोणाला सांगत नाही.

हॉलातल्या मोठ्या पडद्यावरच एकदा चालवून बघायचं असं ठरवलं होतं, ते राहिलं. कारण फाइल ऑफिसच्या हॉलात न्यायची तर पेनड्राइव्हची परवानगी लागत होती. परवानगीचा अर्ज तीन प्रतींत द्यायचा होता, आणि तो अर्ज ज्यात होता ती फाइल उघडायला पेनड्राइव्ह लागत होता. हे कोडं सुटेपर्यंत शुक्रवार उजाडला.

हॉल मोठा होता. बारा फुटांचा पांढरा पडदा, लांब टेबल, टेबलाच्या टोकाला कमिटीच्या अध्यक्षबाई. बाई डोळे मिटून ऐकत असत. झोपल्यात की ऐकतायत हे आजवर कोणाला कळलं नव्हतं, आणि खात्री करून घ्यायची हिंमतही कोणी केली नव्हती. साहेब त्यांच्या शेजारी कडक इस्त्रीत बसले होते.

सहा स्लाइडी सुरेख झाल्या. टाकी मधोमध, इमारती रांगेत. काटकोनरावांना एकदा वाटलं की आपण गेलो तरी हे चित्र असंच सरळ उभं राहील. मग सातवी स्लाइड आली आणि त्यांनी बटण दाबलं.

नकाशा गेला. त्याच्या जागी दुसरा नकाशा होता.

"हे काय?" एका सदस्यानं विचारलं.

काटकोनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवी स्लाइड यावी म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. अजून एक नकाशा. आणि बारा फुटांच्या पडद्यावर कोपऱ्यातली चौकट आता दाराच्या पाटीएवढी झाली होती.

अध्यक्षबाईंनी डोळे उघडले. हॉलातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. बाईंनी चौकट मोठ्यानं वाचली. "फेर पाच. पंपघराला साहेबांचे नाव द्यावे अशी सूचना घातली. सूचक: साहेब. कारण: त्यांना स्वतः म्हणता येत नाही." साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो रिकामा आहे हे कळल्यावरही पीत राहिले. "म्हणजे फेर सहामध्ये हेच नाव काढलं होतं तर," बाई म्हणाल्या. "कारण: कमिटीपुढे बरे दिसणार नाही. ते मी मघाशी मिटल्या डोळ्यांच्या फटीतून वाचलं. पुढे."

"बाई, काहीतरी बिघाड—"

"पुढे."

फेर चार. "हेडमास्तरांच्या आग्रहावरून उपसंहार घातला. नकाशात तो कुठे घालावा हे न कळल्याने तळ्यात घातला." कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. फेर तीन, हसरा थेंब. "कारण: लॅपटॉप त्यांचा आहे." आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं तोंडावर हात धरून बसली होती. एकतीस वर्षांची अब्रू पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतेय असं काटकोनरावांना वाटत होतं. पण बाई 'पुढे' म्हणायच्या थांबत नव्हत्या.

फेर दोन आला. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात एक साधी बादली होती. बाईंनी चौकट वाचली, पण या वेळी हळू. "बायकोच्या सांगण्यावरून बादली घातली. बादलीला चिन्ह नाही, तरी घातली. कारण: रोज आठ, एकोणीस वर्षे."

हसणं थांबलं. बाई म्हणाल्या, "खाली अजून काही आहे?"

फेर दोन गेला. मग फेर एक, म्हणजे शेवटचा पांढरा चौकोन, गेला आणि तळाचा फोटो उघडा पडला. कपाटातला जुना, पिवळा, डागाळलेला नकाशा, बारा फुटांचा. असं काही तिथे कोणी पाहिलं नव्हतं. एकेक पदर मागे जात जात अख्खी वसाहत एकोणीस वर्षं मागे जाऊन समोर उभी होती. टाकीपासून एक जाड निळी रेघ सरळ टेकडीवर चढत होती, नऊच्या नऊ इमारतींपर्यंत. मध्ये, डागाच्या अगदी कडेला, पेन्सिलीनं एक बारीक फुली होती आणि शेजारी पेन्सिलीतच दोन ओळी. फोनच्या पडद्यावर त्या दिसल्याही नव्हत्या.

बाईंनी त्या वाचल्या. "व्हॉल्व्ह नंबर चौदा. रस्त्याच्या कामासाठी तात्पुरता बंद. मुदत पंधरा दिवस." मग त्यांनी विचारलं, "खाली सही आहे. कोणाची?"

काटकोनरावांनी बघितलं. सहीचा पहिला उभा दांडा खालच्या रेघेशी बरोबर काटकोनात होता.

"माझी," ते म्हणाले.

"आणि यानंतरचा नकाशा कोणी काढला? ज्यात ही फुली नाही?"

"तोही मीच. बाई, आमच्यात असं आहे, तात्पुरतं असेल ते पेन्सिलीत, कायमचं असेल ते शाईत. नवा कागद उतरवताना शाईतलं तेवढं उतरवायचं, पेन्सिलीतलं नाही. नियम आहे." ते बोलता बोलता थांबले. "मी नियमानं केलं. फुली पेन्सिलीत होती, म्हणून उतरली नाही. नकाशात नाही, म्हणून व्हॉल्व्ह उघडायला कोणी गेलं नाही. वरून डांबर पडलं."

"म्हणजे पंप नको?"

"नको, बाई. पाना हवा. मोठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता खणला. डांबराखाली दोन फुटांवर लोखंडी झाकण सापडलं, त्याखाली चौदा नंबर. खात्याचा व्हॉल्व्हमन, दंडाला चार माणसांचं बळ असलेला गडी, पाना लावून लटकला तेव्हा कुठे चाक पाव फेरा हललं. आणि जमिनीखालून एक आवाज आला, घरघर लागल्यासारखा लांब, तो टेकडीकडे चढत चढत गेला. व्हॉल्व्हमननं टोपी काढली. साहेब काल संध्याकाळपासून कोणाशी बोलत नव्हते, तेही हात मागे बांधून ऐकत उभे राहिले. काटकोनराव धावत सुटले. सत्तावन्नाव्या वर्षी, चढावर, पाण्याच्या पुढे पोहोचायचं म्हणून.

पाणी जिंकलं. ते घरात शिरले तेव्हा बायको स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी होती. त्या नळावर तिनं इतकी वर्षं फडकी वाळत घातली होती. नळ आधी खोकला, मग तांबडं गढूळ ओकला, आणि मग स्वच्छ, मनगटाएवढं जाड पाणी पडू लागलं. दोघंही बघत राहिली. ती हात काढून घेईना. आज यंत्राचा मध्य, रांगा, यादी, सगळं काटकोनरावांना पोरखेळ वाटलं. पाणी दोन मजले चढून आपल्या पायांनी घरात आलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "हे बंद कसं करायचं? विसरलेच मी." आणि ती हसली, आणि हसता हसता ओल्या हातानं डोळे पुसले. "चला, तुमच्या स्लाइडींनी काम केलं म्हणायचं."

इथे गप्प बसले असते तर काटकोनराव सुखानं रिटायर झाले असते. पण चौकटीत खोटं लिहायची सवय नसलेला माणूस तोंडानं तरी कुठून खोटं बोलणार? त्यांनी सांगितलं. चौदा नंबर, पंधरा दिवस, पेन्सिल, शाई, नियम, सगळं. नियम दोनदा समजावला.

ती ऐकत होती. पाणी चालूच होतं.

"म्हणजे तुम्ही," ती म्हणाली.

"मी."

"दुसरं कोणी नाही."

"कोणी नाही."

तिनं नळ बंद केला. कोपऱ्यातली बादली उचलली आणि त्यांच्या हातात दिली. "खालून भरून आणा."

"अगं, आता कशाला? नळाला आलंय की."

"आलंय. ते तिथं राहू दे. मला तुम्ही आणताना बघायचंय."

काटकोनराव बादली घेऊन दोन जिने उतरले. अंगणातल्या नळालाही आता धबधब्यासारखं पाणी होतं, बादली क्षणात भरली. ती घेऊन ते वर चढू लागले. पहिल्या मजल्यावर दम लागला, दुसऱ्याच्या मध्यावर हात बदलावा लागला, आणि दाराशी पोहोचेपर्यंत उजवा खांदा पार खाली आला होता. बायकोनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची दारात आणून ठेवली होती आणि ती त्यात मांडी घालून बसली होती. त्यांनी बादली तिच्या समोर ठेवली. तिनं आत वाकून बघितलं, भरलीय का ते.

"ही एक," ती म्हणाली, आणि आरामात मागे टेकली.